लेकीच्या निबंधाची चौकशी

मी संशयी बाई आहे. हे मीच सांगितलेलं बरं, कारण घरातली माणसं ते माझ्यामागे सांगतातच. दूधवाल्याने शपथ घेतली की लगेच मी पातेलं तिरकं करून दूध बघते. कोणी माझं फार कौतुक केलं तर याचं काय काम अडलंय हा विचार आधी येतो आणि आनंद नंतर येतो, तोही आला तर. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की मी देवळात गेले तरी प्रसादाचा नारळ आपलाच परत दिला की दुसऱ्याचा, हे बघते. ते खोटं नाही. एकदा खरंच दुसऱ्याचा, नासका निघाला होता.

हा स्वभाव मला पोटापाण्याला उपयोगी पडला. लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत मी अठरा वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. तिथे मान फिजिक्सच्या आणि बायोलॉजीच्या सरांना. त्यांच्या तासाला पुढची जागा धरायला पोरं पळत यायची. इंग्रजीच्या बाईंना वेळापत्रकातली उरलेली जागा, म्हणजे दुपारी जेवणानंतरची, जेव्हा अर्धा वर्ग पेंगत असतो. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना इंग्रजी हा पास होण्यापुरता विषय. पण परीक्षेत एक प्रश्न असायचा, व्ह्यू-काउंटरव्ह्यूचा. एखाद्या विषयाची एक बाजू दिलेली असते, विद्यार्थ्याने दुसरी बाजू लिहायची. तो प्रश्न मी जीव तोडून शिकवायचे. लिहिणारा आपल्याला कुठे न्यायला बघतोय, त्याने पुरावा दिलाय की नुसता गोड बोललाय, आणि मुख्य म्हणजे त्याने काय लिहायचं टाळलंय, हे शोधायला लावायचे.

पोरं फारच पेंगायला लागली की मी त्यांना उठवून खिडकीपाशी न्यायचे. समोरच्या चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागलेले असायचे. एका वर्षी एकाच मुलीचा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर होता आणि तिन्हीकडे खाली 'आमची विद्यार्थिनी' लिहिलेलं होतं. मी विचारलं, ही पोरगी एका वेळी तीन ठिकाणी कशी बसली? एक जण म्हणाला की बाई, एकीकडं शिकली, एकीकडं परीक्षा दिल्या आणि तिसरीकडं नुसता सत्कार घेतला. वर्ग हसला. शेवटच्या बाकावर माझी मुलगीही हसली. ती तेव्हा शाळेत होती. शाळा सुटल्यावर तिला ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती माझ्या तासाला येऊन बसायची, आणि बारावीच्या पोरांच्या आधी तिलाच सगळं पाठ व्हायचं.

तीच मुलगी पुढे पुण्यात नोकरीला लागली. सत्ताविसावं लागलं तोवर आम्ही तिला सात स्थळं दाखवली होती. सातही तिने न चिडता, नीट कारण सांगून नाकारली. न चिडता नाकारते म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे, असा माझा पहिल्यापासूनचा कयास होता. मी तसं तिला विचारलं मात्र नव्हतं. विचारलं की माणूस सावध होतो.

एका रविवारी तिचा मेल आला. ऑफिसातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी निबंध लिहिलाय, तू क्लासच्या पोरांचे तपासतेस तसा तपास आणि वीसपैकी गुण दे, असं लिहिलं होतं. निबंधाचा विषय होता ऑनलाइन डेटिंग.

मी तो गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कागदावर काढून आणला, कारण पडद्यावर वाचलेल्या मजकुरावर माझा विश्वास बसत नाही. चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. हे समोर भाजी निवडत होते.

सुरुवात झकास होती. लग्न ठरवताना दोन अनोळखी माणसं भेटतात, मोबाईलवरच्या ॲपवरही दोन अनोळखी माणसंच भेटतात, मग आपल्याला भीती फक्त दुसऱ्या प्रकाराचीच का वाटते, असा तिचा सवाल होता. मी समासात लिहिलं, 'तुलना अपुरी. पहिल्या प्रकारात मध्ये चाळीस माणसं असतात.' लिहून पान उलटलं तर तिने तेच वाक्य पुढे मांडलेलं. कोणी म्हणेल की तिथे मध्ये चाळीस माणसं असतात, ते खरंही आहे, असं म्हणून तिने आधी समोरच्या बाजूला तिचा मान दिला होता आणि मग तिची हवा काढली होती. हे मीच शिकवलेलं. विरोधकाचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं. मला अभिमान वाटला आणि रागही आला, कारण हवा काढायला तिने जे उदाहरण घेतलं होतं ते आमच्या घरातलं होतं.

ते उदाहरण समजायला आमच्याकडची चौकशी म्हणजे काय ते सांगायला हवं. स्थळ आलं की मुलीकडचं कोणीतरी शहाणं माणूस गुपचूप मुलाच्या गावी जातं. नातं सांगत नाही, काम सांगत नाही. चहा पितं, दोन-चार ठिकाणी विषय काढतं आणि माहिती घेऊन परत येतं. मग ते 'घर चांगलं आहे' म्हणालं की पुढची बोलणी. माझ्या लग्नाच्या वेळी माझे मामा नांदेडहून लोह्याला गेले होते. मुलगा निर्व्यसनी, पदवीधर, घरात भांडण नाही, अशी बातमी त्यांनी आणली. लग्नानंतर कळलं की मामांनी ज्या एकाच हॉटेलात विचारपूस केली तो हॉटेलवाला ह्यांचा सख्खा चुलत भाऊ होता, आणि हे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाले होते. पुढे ते पास झाले ते लग्नानंतर, माझ्या धाकाने. आमच्या घरात ही गोष्ट दर दिवाळीला हसत सांगितली जाते.

निबंधात ती 'माझ्या ओळखीच्या एका घरातली' म्हणून आली होती. मी ह्यांना वाचून दाखवली. हे मान खाली घालून मेथी निवडत राहिले आणि म्हणाले, "हाव, खरंच हाय की ते."

पुढे तिने लिहिलं होतं की बायोडेटातला फोटो स्टुडिओतला असतो आणि प्रोफाइलमधला मोबाईलवरचा, पण दोन्हींत माणूस हसतच असतो. खोटं दोन्हीकडे चालतं. फरक इतकाच की ॲपवर प्रश्न विचारायचा अधिकार ज्याचं लग्न आहे त्याच्याच हातात राहतो. मी लिहिलं, 'आणि उत्तर खरं कशावरून?' मग आला पुरावा. माझी एक मैत्रीण, असं म्हणून तिने एका मुलीची गोष्ट सांगितली होती. ही मैत्रीण एका मुलाशी ॲपवर दोन महिने बोलली. पहिल्या भेटीला तिने त्याला शाळा सोडल्याचा दाखला घेऊन यायला सांगितलं. त्याने तो आणला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

माझं पेन तिथेच थांबलं. पहिल्या भेटीला पोराकडून शाळा सोडल्याचा दाखला मागणारी मुलगी सबंध पुण्यात एकच असू शकते, आणि ती माझ्या हाताखाली वाढलेली आहे. हा निबंध नव्हता. हा माझ्याकडे केलेला अर्ज होता, दिवाळी अंकाच्या पाकिटात घालून पाठवलेला.

मग मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, आता आई म्हणून, म्हणजे दुप्पट संशयाने. मुलाबद्दल तिने चारच गोष्टी दिल्या होत्या. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा जन्म झाला. वडील त्याच्या जन्माआधीच, भूकंपात गेले. आई त्याला घेऊन मुदखेडला भावाकडे आली, आणि तो स्टेशनजवळच्या मामाच्या सायकल दुकानात पंक्चर काढत शिकला. आडनाव नव्हतं. आडनाव नाही हे मी सगळ्यात आधी टिपलं, आणि का टिपलं ते सांगायला मला आज लाज वाटते. आमच्यातला आहे की नाही, हे मला आडनावावरून कळलं असतं.

समासात मी लिहिलं, 'करुणेला आवाहन.' वादात हा जुना डाव आहे. मुद्दा लंगडा असला की माणूस समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. पत्र्याच्या शेडमधला जन्म, सायकलचं दुकान. इतकं नेमकं दुःख मला सजवलेलं वाटलं.

भूकंपाच्या बाबतीत माझा हा संशय जुना आहे. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला कॉलेजात होते. सेवा योजनेतून आम्हा मुलींना तिकडच्या एका छावणीत याद्या लिहायला नेलं होतं. तंबूत टेबल, त्यावर रजिस्टर, समोर रांग. घरातलं कोण गेलं, कोण राहिलं, पांघरूण मिळालं का, भांडी मिळाली का, हे लिहायचं. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की काहीजण दुसऱ्या नावाने पुन्हा रांगेत येतात, आणि जिथे भिंतीला तडासुद्धा गेला नव्हता अशा गावचाही एकजण नाव लावून गेलाय. मी त्याला पकडला. मग माझं नाव झालं, ही पोरगी बरोबर ओळखते म्हणून. पुढे एक बाई आली. तिने घरातले गेलेले एकेक सांगितले, एका सुरात, डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं ही पाठ करून आलीय. मी तिच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. त्या चिन्हापायी तिला आणखी दोनदा यावं लागलं, आणि दोन्ही वेळा ती तीच नावं त्याच सुरात सांगून गेली. तिसऱ्या दिवशी तिच्या गावचे मास्तर टेबलापाशी आले, चिन्ह बघितलं आणि म्हणाले की हिचं सगळं खरं आहे. मी ते खोडरबरने खोडलं. त्या बाईला मी काही बोलले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

निबंधाला मी चौदा गुण दिले. समारोप नव्हता म्हणून दोन कापले, एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढला म्हणून चार. पण गुण कळवले मात्र नाहीत. हे म्हणाले, "फोन लाव की पोरीला. सरळ इचार." मी म्हटलं, विचारलं की ती तयारीचं उत्तर देणार. जिचा फायदा आहे तिची साक्ष कशी धरायची? हे म्हणाले की कोर्ट आहे का घर आहे हे, आणि मेथी धुवायला उठले.

जावई चांगला आहे, हे इथेच सांगून टाकते. नाहीतर वाचणारे माझ्यासारखेच त्याच्यावर डोळा ठेवून पुढचं वाचतील. त्याच्याबद्दल ठरायचं काही उरलं नव्हतं, लेकीने ते ठरवलं होतं. तिच्या आयुष्यात मला ती कुठे बसवणार, आत की ओसरीवर, तेवढं त्या दिवसांत ठरत होतं. मला ते कळलं नाही. मला वाटत होतं की परीक्षा तिची चालली आहे.

चौकशीचं माझं शिक्षण माझ्या आत्याकडे झालं. तिचं म्हणणं, मामांनी घोडचूक केली ती हॉटेलात विचारून. हॉटेलात बाप्ये माणसं असतात आणि ती एकमेकांना सांभाळून घेतात. विचारायचं ते पिठाच्या गिरणीवर. कोणत्या घरात किती दळण जातं, ते सून आणते की सासू, कोण आजारी आहे म्हणून बारीक पीठ लागतं, कोण घर सोडून गेलं म्हणून दळण कमी झालं, हे सगळं गिरणीवाल्याला ठाऊक असतं. फक्त रिकाम्या हाताने जायचं नाही. सोबत दोन किलो ज्वारी न्यायची, दळायला टाकायची आणि जातं फिरेपर्यंत बोलत बसायचं. पुतणीचं स्थळ आलं तेव्हा मी असंच कंधारला जाऊन आले होते. तेव्हा मुलगी कॉलेजात होती. ज्वारीची पिशवी तिनेच धरली होती.

मेल आल्याच्या अकराव्या दिवशी मी ह्यांना नांदेडला बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि सकाळच्या बसने निघाले. अहमदपूर, लोहा करत नांदेड, तिथून पॅसेंजरने मुदखेड. मांडीवर दोन किलो ज्वारी. सबंध रस्ताभर मी मनात प्रश्न लावत होते, आधी हलके, मग नेमके, पेपर काढतात तसे.

सायकलचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. स्टेशनच्या रस्त्यालाच होतं. पन्नाशी ओलांडलेला एक माणूस उकिडवा बसून चाकाच्या तारा ओढत होता. मी न थांबता पुढे गेले. माझं पहिलं मत असं झालं की दुकान निबंधात लिहिलंय त्यापेक्षा लहान आहे. पुढच्या वळणावर गिरणी होती. गिरणी चालवणारी बाई माझ्याच वयाची, भुवयांवर पीठ बसलेलं. मी पिशवी पुढे केली आणि बहिणीकडे आलेय असं सांगितलं. तिने ज्वारी तोलली, वर ओतली, पट्टा चालू केला. मी आवाजाच्या वर आवाज काढून ऊन, पाणी, यंदाची सोयाबीन असं करत करत सायकलवाल्यांवर आले.

तिने सगळं सांगितलं. आडनाव सांगितलं. आमच्यातलं नव्हतं. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, घरात कोणी पितं का, भावाने बहिणीला खरंच सांभाळलं की राबवून घेतलं, मी एकेक विचारत गेले आणि ती एकेक सांगत गेली, जराही आढेवेढे न घेता. इतकं सरळ कोणी सांगतं का, म्हणून मला तिचाही संशय यायला लागला. ती सायकलवाल्यांच्या नात्यातली तर नव्हे? मामांची चूक माझ्या हातून व्हायची नव्हती. मी तिला तसं आडून विचारलं. त्यावर तिने पट्टा बंद केला. गिरणी थांबल्यावर एकदम शांत झालं.

"बाई, तुमी चौकशीलाच आलाव ना," ती म्हणाली. "मागल्या महिन्यात एक पोरगी आलती. तिनं बी दोन किलोच आनली होती, ज्वारीच. गावाबाहेरून दोन किलो दळाया कोन येतंय?"

माझ्या चेहऱ्यावरून तिला काय ते कळलं असावं, कारण मग तिने मला बसायला पोत्यावर जागा करून दिली.

ती पोरगी काय काय विचारून गेली, ते मी तिला विचारलं. गिरणीवाली आठवून सांगायला लागली. घर कुणाचं, जमीन किती, हे तिने विचारलंच नव्हतं. भांडण झालं की तो घराबाहेर निघून जातो की बोलतो, हे विचारलं. आई रडली तर तो काय करतो. मामीच्या हाताखाली काम करतो की नुसता जेवून उठतो. मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? ती म्हणाली, जे आहे ते सांगितलं, रागीट आहे थोडा, नाही असं नाही, पण राग आला की दुकानातल्या सायकली पुसत बसतो, तासभर कुणाशी बोलत नाही, मग आपणच येतो आणि बोलतो. हे ऐकून पोरगी हसली म्हणे, आणि मला हे त्याने सांगितलंय, असं म्हणाली.

म्हणजे तिच्याकडे पुरावा होता. तिने त्यालाही विचारलं होतं आणि गावालाही विचारलं होतं, दोन्हींची उत्तरं जुळवून बघितली होती. माझ्या क्लासमध्ये यापेक्षा चांगलं कुणी केलं नसतं. तरी निबंधात तिने त्याचा एक शब्द लिहिला नव्हता. मी तिचे चार गुण कापले होते ते ज्यासाठी, ते तिने करून बाजूला ठेवलं होतं. का ठेवलं, याचा विचार मी करत होते तेवढ्यात गिरणीवालीने पीठ पिशवीत भरलं, तोंड बांधलं आणि पिशवी माझ्याकडे न देता हातातच धरून उभी राहिली.

"जाताना म्हनली, माजी आई येईल एखांद्या दिवशी," ती म्हणाली. "आली तर तिला बी सगळं सांगा, काई लपवू नका. आन् थोडं थांबून म्हनली, न्हाई आली तर मला लई बरं वाटंल."

त्यानंतर तिने मला पाणी दिलं. दळणाचे पैसे घेईना. मी पोत्यावर बसून राहिले. मला लाज वाटत होती आणि राग येत होता, आणि राग लेकीचा येतोय की माझा, ते नीट कळत नव्हतं. पोरीने मला ओळखलं होतं, दोन किलो ज्वारीसकट ओळखलं होतं. तरी तिने आशा ठेवली होती की मी येणार नाही. आलेच तर चुकू नये म्हणून तिने वाट दाखवून ठेवली होती, स्टेशन, दुकान, सगळं लिहून, आणि मी सरळ त्या वाटेने चालत आले होते.

येताना सायकलच्या दुकानावरून पुन्हा जावं लागलं. तो माणूस आता चाक बसवत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. त्यालाही माहीत होतं की काय, हा संशय मला नांदेडपर्यंत पुरला. बसमध्ये मांडीवरचं पीठ लोह्यापर्यंत कोमट होतं.

घरी आल्यावर दोन दिवस मी गप्प होते. खरं सांगायचं तर एक युक्ती सुचली होती. गिरणीवालीला माझं नाव माहीत नव्हतं, मुलीचा नंबर तिच्याकडे नसणार. मी फोन करून म्हणू शकत होते की निबंध छान झालाय, आणि ती मैत्रीण म्हणजे तूच ना गं? मग तिने आनंदाने सगळं सांगितलं असतं आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय अशी हं हं करत राहिले असते. ते वाक्य मी भाकऱ्या थापताना दोन-तीनदा मनात म्हणूनही बघितलं. चांगलं जमत होतं. ह्यांनी ताट पुढे ओढलं, पीठ आज वेगळं लागतंय म्हणाले, बारीक दळलंय. मग मी त्यांना मुदखेडचं सांगून टाकलं. त्यांनी ताटातली भाकरी संपवली. शेवटी एवढंच म्हणाले की दीड वाजता तिची जेवणाची सुट्टी असते, तेव्हा लाव.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

मी म्हटलं, "मी मुदखेडला जाऊन आले."

मागे तिच्या ऑफिसातल्या लोकांचे आवाज येत होते, कोणीतरी डबा उघडत होतं. मग तिने 'कधी?' असं विचारलं. परवा तेरवा, मी म्हटलं. ती 'बरं' म्हणाली. तिचा आवाज अगदी एकसुरी होता, त्यात राग नव्हता. मला रागच हवा होता.

"मेल पाठवल्यापासून मी रोज दुपारी फोन घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसत होते, आई," ती म्हणाली. "तू करशील, उरलेलं मला विचारशील म्हणून."

मी तिला म्हटलं की माझं चुकलं. हे मी तिला पूर्वी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, असू दे. मी म्हटलं, तुला राग आलाय. ती म्हणाली की नाही आला, मला माहीतच होतं. ते मला रागापेक्षा जास्त लागलं.

मी विचारलं, "मग आता विचारू का तुला?"

"आता काय विचारणार?" ती म्हणाली. "तुला सगळं कळलंय."

सगळं कळलेलं नव्हतं. घर, जमीन, आडनाव, राग, सायकली, सगळं मला कळलं होतं, पण तो तिला का आवडला हे गिरणीवर कुणाला माहीत नव्हतं. ते विचारायला मी तोंड उघडलं, पण तिची सुट्टी संपली होती आणि तिने ठेवते म्हटलं. त्यांच्या लग्नाला आता पाच वर्षं होतील. दिवाळीला दोघं येतात, चार दिवस राहतात, तो ह्यांच्याबरोबर भाजी निवडायला बसतो. मी ते अजून विचारलेलं नाही.